आमटीची पुडी आणि चंची

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पावसाळ्यात सह्याद्रीतले गड करतो आणि वर्षातून एकदा हिमालयात जातो. पाकिटातल्या नूडल्सचा कंटाळा आला आहे. आपल्या चवीचं काही शिजवायचं तर हळद, तिखट, काळा मसाला, हिंग, जिरं, मोहरी, तेल असा सगळा संसार पाठीवर येतो. परदेशातले भटके प्लास्टिकच्या स्ट्रॉचे तुकडे करून त्यात मसाले भरतात म्हणे. आपल्याकडे सोपी युक्ती आहे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : स्ट्रॉची युक्ती खरी आहे. स्ट्रॉचं एक टोक मेणबत्तीवर धरून चिमट्याने दाबायचं, आत मसाला भरायचा आणि दुसरं टोकही तसंच बंद करायचं. पण प्लास्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. कागदी स्ट्रॉ अशी वितळवून बंद होत नाही. शिवाय गडावर जेवण झाल्यावर ते कापलेले तुकडे कोण वेचणार? ही युक्ती सोडून दिलेली बरी.

आता वजनाचं बघू. मिरचीपूड चमचाभर घेतली तर दोन-तीन ग्रॅम भरते, हळदही तेवढीच. चौघांच्या दोन दिवसांच्या स्वयंपाकाचा सगळा मसाला मूठभर होतो. घरातला सात वाट्यांचा स्टीलचा डबा मात्र रिकामाच अर्ध्या किलोच्या वर जातो. म्हणजे तुमच्या पाठीवर बसतात ते डब्या, तेलाची बाटली आणि डाळ शिजवायला लागणारा गॅस. मसाला बिचारा उगाच बदनाम.

त्यातली डाळ आधी काढा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे 1646 मीटरवर, ते साधारण 94-95 अंशांना उकळतं आणि हिमालयात 3500 मीटरवरच्या तळावर 88 अंशांच्या आसपास. तिथे कुकरशिवाय तूरडाळ शिजवणं म्हणजे गॅस जाळत बसणं. याला तोड तुमच्याच घरात असेल : येसर. गहू, ज्वारी किंवा बाजरी, हरभराडाळ हे सगळं खमंग भाजून, त्यात धणे, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल घालून दळलेलं पीठ. धान्य आधीच भाजलेलं असल्यामुळे त्याला शिजायला वेळ लागत नाही, आणि आमटीला दाटपणाही तेच देतं. चौघांना चार-पाच मोठे चमचे पुरतात. गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या पाण्यात ओता, मीठ घाला, पाच मिनिटं उकळा. फोडणी दिली तर उत्तम, नाही दिली तरी कुणी ताटावरून उठणार नाही.

तेलाच्या बाटलीचं उत्तरही सोलापुरातच आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणूनच उखळात कुटलेली आपली शेंगाचटणी तेल सुटून गोळा होते. उतरवता उतरवता आमटीत तिचा एक चमचा ढवळा : तेल, लसूण, तिखट, जिरं सगळं एकदम आलं. ही चटणी मसाला म्हणून जड वाटेल, पण तिला अन्नातच धरा. नुसत्या शेंगदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. दोन गोष्टी मात्र सांभाळा. हिमालयासाठी करताना लसूण कोरडा भाजून घ्या, ओल्या लसणाची चटणी लांबच्या प्रवासाला टिकत नाही. आणि मे महिन्यात सोलापुरातून निघताना ती सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या मध्ये ठेवा. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं. सोबत कडक भाकरी असेलच. ती सॅकमध्ये मोडणार, मोडू द्या, आमटीत चुरायचीच आहे.

आता उरले सुटे मसाले. ते सुटे नेऊच नका. एका वेळच्या जेवणाची हळद, तिखट, काळा मसाला, जिरेपूड घरीच एकत्र करून एक पुडी बांधा. बटर पेपरची, किराणावाला बांधायचा तशी. वर पेन्सिलीने ‘शनिवार रात्र’ असं लिहा. शाई पावसात पसरते. बॅटरीच्या उजेडात चमचे मोजण्याचा ताप वाचतो आणि हौशी मित्राने सगळं तिखट पहिल्याच दिवशी संपवण्याचा धोकाही टळतो.

मीठ या पुडीत घालायचं नाही, हे मात्र कटाक्षाने. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं, आणि जुलैतल्या हरिश्चंद्रगडावर ती त्याहून कमी क्वचितच असते. मीठ मसाल्यात मिसळलेलं असेल तर सकाळी पुडीत लगदा मिळेल. ते घट्ट झाकणाच्या डबीत वेगळं न्या. आंबटासाठी चिंचेचा गोळा नको, चार आमसुलं पुरतात.

या पुड्या ठेवायला चंचीइतकी सोयीची वस्तू मला माहीत नाही. पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून आजोबा जी गुंडाळून नाडीने बांधत आणि कनवटीला खोचत, तीच. विणकरांच्या गावात जुन्या सुती कापडाची चंची शिवून मिळायला अडचण नसावी. रिकामी असताना तिला वजन म्हणण्यासारखं काही नसतं. एकेका कप्प्यात एकेका दिवसाच्या पुड्या घाला, गुंडाळा, पावसाळ्यात वरून एक झिपची पिशवी. पुड्या संपत जातील तशी ती लहान होत जाते, हे कुठल्याही डबीला जमत नाही.

हिमालयात आठवड्याहून जास्त राहणार असाल तर लवंग, वेलदोडे, दालचिनी अख्खीच न्या. दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो. अख्खा मसाला दगडावर ठेचला की झालं. चहाला सुंठपूड.

राहिला हिंग. तो पुडीत ठेवलात तर चंची, स्लीपिंग बॅग आणि परतीच्या रेल्वेतले शेजारी सगळ्यांना कळेल. होमिओपॅथीच्या गोळ्यांची दोन ड्रॅमची काचेची बाटली घ्या, तिच्यात दीडेक चमचा मावतो, महिनाभर पुरेल. फुटण्याची भीती वाटत असेल तर मोज्यात गुंडाळून ठेवा. मोजे शक्यतो धुतलेले असावेत.