आठवलेले प्रश्न ग्रुपवर वाचले, तर?

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये नर्सिंग शिकते. आधीच्या बॅचने परीक्षेतले आठवलेले प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिने ते फक्त वाचले. यात काही वावगं आहे का?

उत्तर : ताई, आहे. बऱ्याच कॉलेजांच्या नियमांत असे प्रश्न देणाऱ्याइतकाच घेणाराही दोषी ठरतो. पुढच्या एनक्लेक्स या परवाना परीक्षेत तर प्रश्न गुप्त ठेवण्याची अट मान्य करूनच बसावं लागतं. ती मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो.

अमेरिकेत नर्सिंग शिक्षणातल्या प्रामाणिकपणाचा विषय नाजूक आहे. जानेवारी २०२३मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या तपासातला घोटाळा जाहीर झाला. फ्लोरिडातल्या तीन संस्थांच्या नावे ७,६०० हून अधिक बनावट पदव्या आणि गुणपत्रकं विकली गेली होती. ती घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण परवाना परीक्षा पासही झाले! म्हणजे पेपर सोडवता आला, पण रुग्णाजवळचं प्रशिक्षण कोरं.

प्रामाणिकपणाचाच विचार केला, तर मला ग्रुपपेक्षा वॉर्डातली एक सवय जास्त घातक वाटते : रक्तदाब न मोजताच कालचा आकडा टाकणं. त्यावर औषधाचा डोस ठरतो. ती असं करते का, तेही तिला विचारा.

प्रश्नांबाबत म्हणाल तर तिने ग्रुप सोडावा, प्रश्न पुढे पाठवू नयेत आणि कॉलेजातल्या सल्लागार प्राध्यापकांना स्वतःहून सांगावं. चौकशी सुरू होण्याआधी सांगितलेलं बरं.