तांदळाची नोंद व अटीची बेरीज

मनमाड येथे भारतीय अन्न महामंडळाचे मोठे धान्यकोठार आहे. तेथील पोत्यांप्रमाणेच शाळेतील पोषण आहाराच्या तांदळाचाही हिशेब चोख असावा. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास प्रतिदिनी १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे.

संगणकावरील तक्त्यात 'ए' स्तंभात दिनांक, 'सी' स्तंभात शिजविलेला तांदूळ व 'ई१' या चौकटीत आरंभीचा दिनांक लिहावा. सूत्र पुढीलप्रमाणे रोमन लिपीत टंकित करावे :

=समइफ(ए२:ए३१,">="&ई१,सी२:सी३१)

'ई१' मधील दिनांक बदलताच बेरीजही बदलते. मात्र ">=ई१" असे सर्वच अवतरणात घातल्यास संगणक 'ई१' ही केवळ अक्षरे समजतो आणि चूक न दाखविता शून्य देतो; मुले जेवूनही तांदूळ शिल्लक दिसतो. म्हणून प्रथम तीन दिवसांची बेरीज हाताने करून ताळा पाहावा.