विमानाचे तास आणि घाटाचे तास

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7200 किलोमीटर आहे. दोन विमानतळांमधले अंतर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजतात. सपाट नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो. मुंबई–न्यूयॉर्कचा तर पार उत्तरेला ग्रीनलंडकडे चढलेला दिसतो. बंद हवाई हद्द किंवा वादळ टाळायचे असेल, तर प्रत्यक्ष उड्डाण आणखी लांबते.

ताशी 900 किलोमीटरच्या वेगाने लंडनला आठ तास पुरायला हवेत. तरी वेळापत्रकात साडेनऊ-दहा तास धरलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि समोरून येणारा पश्चिमेचा वारा यांत हा वेळ जातो. परतताना तोच वारा पाठीशी असल्याने विमान लवकर पोचते.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात दुपारी 1:30 ला मुंबईहून सुटून सायंकाळी 6:30 ला लंडनला पोचणारे विमान पाच तासांचे वाटते. त्यात साडेचार तासांचा फरक मिळवला की खरा प्रवास साडेनऊ तासांचा निघतो. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तास होतो. पुढचे विमान किंवा रेल्वे ठरवताना हा हिशेब आधी करावा.

मावळातल्या प्रवाशाचा खरा कस मात्र जमिनीवर लागतो. लोणावळ्याहून मुंबईचा सहार विमानतळ सुमारे 85 किलोमीटर, म्हणजे मोकळ्या रस्त्याने दोन-अडीच तास. पण शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि पावसाळ्यात दरडीची धास्ती असते. जुलै 2023 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि द्रुतगती मार्गाची मुंबईकडे जाणारी बाजू बंद पडली. अतिवृष्टीत रेल्वेही घाटातच अडकते, त्यामुळे त्या दिवसांत रेल्वेचा पर्याय हमखास धरता येत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाला जाताना घाट लागत नाही. दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्याने हा पर्याय तपासून पाहावा.

तारखेची गफलत सर्वांत महागात पडते. 15 तारखेला पहाटे 2:10 चे विमान असेल, तर 14 तारखेच्या रात्री 11 पर्यंत विमानतळावर पोचायला हवे, कारण आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी हजर राहावे लागते. त्यात रस्त्याचे अडीच तास आणि घाटासाठी राखीव दोन तास धरले, तर 14 तारखेला सायंकाळी साडेसहाला लोणावळा सोडावा लागतो. 15 तारखेच्या संध्याकाळी बॅगा भरणाऱ्याचे विमान त्याच दिवशी पहाटे गेलेले असते.

विमानतळाचे नावही नीट वाचावे. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात. तिकिटावर 'बीओएम' असेल तर मुंबई, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. नवी मुंबई विमानतळ लोणावळ्याला जवळचा आहे, पण घाट तिथेही चुकत नाही.

हिशेब नेहमी उलटा करावा: आधी विमान सुटण्याची वेळ, मग हजेरीचे तीन तास, मग रस्ता, मग घाट. पावसाळ्यात महत्त्वाचे विमान असेल, तर आदल्या दिवशीच घाट उतरून मुंबईत मुक्काम करावा. एका रात्रीचा खर्च चुकलेल्या तिकिटापेक्षा बहुधा कमीच असतो.