मोबदल्याचा पैसा कोठे ठेवावा?

(कुटुंबात व अभ्यासवर्गात वाचून चर्चा करण्याकरिता)

आपल्या वाडवडिलांना पैसा कोठे ठेवावा हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण ठेवण्याजोगा पैसाच नसे. जे काही होते ते जमिनीत होते. आणि जमीन रोज सकाळी डोळ्यांपुढे दिसत असे. ती कोणी रात्रीतून उचलून नेत नसे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात ही स्थिती पालटली आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी शेंद्रा व बिडकीन या भागांत मिळून सुमारे १०,००० एकरांची औद्योगिक नगरी उभी राहिली. तीकरिता ज्यांची शेते गेली त्यांस एकरी २३ लाख रुपये या दराने मोबदला मिळाला. पुढे वैजापूर व गंगापूर या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, आणि तेथेही अनेकांच्या शेताचे रूपांतर एका दिवसात बँकेतील आकड्यात झाले.

पाच एकरांच्या धन्यास एक कोटी पंधरा लाख रुपये! ज्याने जन्मभर पीककर्जासाठी सोसायटीच्या पायऱ्या झिजविल्या, त्याच्या दारी आता मोटारींचे दलाल, प्लॉटवाले आणि ठेवी गोळा करणारे प्रतिनिधी रांग लावून उभे राहिले. पिकाची राखण कशी करावी हे त्याला ठाऊक होते. पैशाची राखण त्याला कोणी शिकविली नव्हती. तोच धडा आज आपण घेऊ.

परंतु शिकविण्यापूर्वी आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांमागे आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी उपासना संपल्यावर आमच्याकडे आली. तिच्या पतीच्या वाट्याची जमीन रस्त्यात गेली होती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, अमुक पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. तेथे ठेवू का?” त्या संस्थेच्या एका संचालकाशी आमचा परिचय होता. ते गृहस्थ बोलण्यात गोड व दानधर्मात पुढे असत. आम्ही म्हणालो, “मावशी, माणसे भली आहेत, ठेवा.” दोन वर्षांत त्या संस्थेच्या दाराला कुलूप लागले. ती भगिनी आजही दर रविवारी येते आणि आम्हांस एका शब्दानेही दोष देत नाही. तिचे ते मौन आमच्या मनावर धोंड्यासारखे आहे. आम्ही तिला माणसाविषयी सांगितले. परंतु तिने विचारले होते ठेवीविषयी. या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

१. प्रथम विचारा: परत देण्यास बांधलेला कोण?

व्याज किती, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न हा, की घेणाऱ्याने पैसे बुडविले तर भरून देणार कोण? या कसोटीवर निरनिराळ्या जागा ताडून पाहू.

टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तेथील ठेवीमागे भारत सरकार स्वतः उभे असते. व्याजाचे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरविते. परंतु मासिक प्राप्ती योजना किंवा ज्येष्ठ नागरिक योजना यांत एकदा पैसे ठेविले, की ठेवतेवेळचा दर पाच वर्षे बदलत नाही.

बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा पूर्वी एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. हे पाच लाख मुद्दल व व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून मोजतात. म्हणून त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागल्याने काही साधत नाही. बँक निराळी असावी लागते.

पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची नोंदणी सहकार कायद्याखाली होते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते व तिच्या ठेवींस हा विमा लागू नाही. पाटीवर ‘मल्टीस्टेट’ लिहिल्यानेही यात काही फरक पडत नाही. अनेक पतसंस्था प्रामाणिकपणे चालतात व गरिबाच्या अडीअडचणीस धावून येतात, हे आम्ही नाकारीत नाही. दर आठवड्याची किरकोळ बचत तेथे खुशाल करावी. परंतु जमिनीची सारी किंमत तेथे ठेवू नये.

हा भेद आपल्याच शहराने सोसून पाहिला आहे. जुलै २०२३ मध्ये येथील आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटींच्या गैरव्यवहाराबद्दल गुन्हे दाखल झाले, आणि वृद्ध ठेवीदारांवर पावत्या हाती घेऊन रस्त्यावर उतरण्याची पाळी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येथील अजंता अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, व एप्रिल २०२५ मध्ये तिचा परवाना रद्द केला. दोन्हीकडे क्लेश झाले. पण बँकेच्या दर दहा ठेवीदारांपैकी नवांहून अधिक जण विम्यामुळे आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. पतसंस्थेच्या ठेवीदारांस असा आधार नव्हता. त्यांस कायद्याची लांब वाट चालावी लागली.

२. व्याजाचा हिशेब स्वतः मांडा

बिडकीन परिसरात ‘तीस-तीस’ या नावाने गाजलेले प्रकरण अनेकांस स्मरत असेल. औद्योगिक नगरीच्या मोबदल्याचे पैसे घेतलेल्या शेतकऱ्यांस दरमहा भरघोस परताव्याचे आमिष दाखविण्यात आले, आणि २०२२ च्या आरंभी ते प्रकरण पोलीस ठाण्यात पोहोचले. अशा योजनांची रीत ठरलेली असते. पहिले काही महिने पैसे वेळेवर येतात. तीच खरी मेख आहे. ते पैसे कोणत्याही धंद्याच्या नफ्यातून आलेले नसतात. ते मागाहून आलेल्या शेजाऱ्याचे मुद्दल असते. ज्याला मिळाले तो आनंदाने भावकीला सांगतो, व नकळत आपल्याच नातलगांस खड्ड्याकडे नेतो. नवे लोक येईनासे झाले, की सारे एकाच दिवशी कोसळते.

यापासून बचावण्यास फार विद्या लागत नाही. ७२ या संख्येस व्याजाच्या दराने भागा. जे उत्तर येईल तितक्या काळात रक्कम साधारण दुप्पट होते. वर्षाला ७.२ टक्के असेल तर दहा वर्षे. आता कोणी दरमहा १० टक्के देऊ म्हणाला, तर रक्कम सव्वासात महिन्यांत दुप्पट व्हावी. एक लाख रुपये या दराने चक्रवाढीने वाढत गेले, तर पाच वर्षांत त्यांचे तीन कोटी चार लाखांहून अधिक होतील! ज्याला असा धंदा साधला आहे तो आपल्या ओसरीवर येऊन आपले लाख रुपये कशास मागेल? त्याने कोणत्याही बँकेतून कर्ज काढले असते, तरी थोड्याच वर्षांत तो साऱ्या तालुक्याचा धनी झाला असता.

मोठे व्याज म्हणजे मोठे धोक्याचे शुल्क, हे मुलांसही पाठ करवावे. आणि जो शेअर बाजाराचे नाव घेऊन ठराविक परताव्याची हमी देतो, तो निःसंशय असत्य बोलतो. कारण बाजारात हमी नसते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने परवान्याविना अशा ठेवी गोळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु गुन्हा सिद्ध झाला म्हणजे पैसे परत आले असे नव्हे.

३. एकाच वावरात सारे बी पेरू नका

ही गोष्ट शेतकऱ्यास सांगण्याची वस्तुतः गरज नाही. कपाशीत तूर का घेतात? पावसाने एकाला दगा दिला तर दुसरे हाती लागावे म्हणून. उपदेशकाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायाच्या आरंभी, पुढे कोणते अरिष्ट येईल हे ठाऊक नसल्याने आपले सात-आठ वाटे करावे, अशा अर्थाचा बोध आहे. तो दानाविषयी मानोत वा व्यापाराविषयी, त्यातील शहाणपण दोहोंस लागू पडते.

उदाहरणार्थ, एक कुटुंब घेऊ. साठी उलटलेले आईबाप, शिकणारी मुले, पाच लाखांचे कर्ज, आणि मोबदला एक कोटी पंधरा लाख. अशा घराने पुढीलप्रमाणे वाटे करावे असे आम्हांस वाटते.

पहिले पाच लाख कर्जफेडीस. सावकाराचे शेकडा तीन रुपये महिना व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के; ते कर्ज फेडण्याइतकी लाभदायक ठेव जगात नाही. दुसरे पाच लाख आजारपण व वर्षभराचा खर्च यांकरिता, हवे तेव्हा काढता येतील असे बँकेत. तिसरा वाटा तीस लाखांचा, वडिलांच्या नावे टपालातील ज्येष्ठ नागरिक योजनेत. एका व्यक्तीस तेथे तितकीच मर्यादा असून दर तीन महिन्यांस व्याज हाती येते. चौथा पंधरा लाखांचा, पतिपत्नींच्या संयुक्त मासिक प्राप्ती खात्यात. पाचवा तीस लाखांचा, दुसऱ्या जमिनीकरिता. सहावा पंधरा लाखांचा, मुलांच्या शिक्षणासाठी, चार निरनिराळ्या बँकांत, म्हणजे व्याज धरूनही प्रत्येक ठेव विम्याच्या मर्यादेत राहील. उरले पंधरा लाख. ते दहा वर्षे लागणार नाहीत अशी खात्री असेल तरच म्युच्युअल फंडासारख्या चढउताराच्या मार्गात, किंवा मुलाच्या नीट पारखलेल्या धंद्यात.

हा काही सर्वांस लागू पडणारा नियम नव्हे. प्रत्येक घराची गरज निराळी. परंतु बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सुचविले आहे. कागदावर असे वाटे मांडल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये. हे मांडावयास तीन महिने लागले तरी चालतील. तोवर रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत अल्प मुदतीच्या ठेवीत असू द्यावी. “आजच द्या, उद्या संधी जाईल,” असे जो म्हणेल त्याला उद्याच येण्यास सांगावे.

४. जमीन, सोने व महागाई

कोणी म्हणेल, सारे पैसे टपालात व बँकेतच का ठेवू नयेत? याचे उत्तर महागाईत आहे. आजच्या लाखाला जेवढे धान्य येते तेवढे वीस वर्षांनी येणार नाही. यास्तव काही भाग जमिनीसारख्या वस्तूत असणे हिताचे. परंतु प्लॉटच्या रंगीत नकाशाला जमीन समजू नका. सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी व मागील वर्षांचा नोंदणीचा शोध, ही चारही पाहून, आपण स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तपासून मगच विसार द्यावा. विकणाऱ्याच्या वकिलावर भिस्त ठेवू नये. सोने अडचणीत उपयोगी पडते खरे, पण ते पिकत नाही; आणि दागिन्यातील घडणावळ मोडताना परत मिळत नाही.

५. घरातील साऱ्यांस ठाऊक असावे

पुष्कळ ठिकाणी फसवणुकीचे मूळ हे आढळते, की निर्णय एकट्या पुरुषाने चावडीवर घेतला व घरात कोणास कळविले नाही. ठेव कोठे आहे, पावती कोणत्या पेटीत आहे, हे पत्नीस व जाणत्या मुलामुलींस ठाऊक असावे. प्रत्येक खात्यास नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीस चार नावांपर्यंत ते करता येते. परंतु ज्याचे नाव लाविले तो मालक ठरत नाही. तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्याअन्वये विधवेस एक तृतीयांश व उरलेल्यात मुलगा-मुलगी यांस सारखाच वाटा मिळतो. मुलीला लग्नात दिले म्हणून तिचा हक्क सरत नाही.

शेवटी आमच्यासारख्या पाळकांस व गावच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती. लोक आपल्यावर विश्वास ठेवितात. म्हणूनच ठेवी गोळा करणारे प्रथम आपल्याच ओसरीवर येतात. कोणी सल्ला विचारल्यास माणसाच्या भलेपणाची ग्वाही देऊन मोकळे होऊ नये. “मावशी, ती बँक आहे की पतसंस्था? बुडाल्यास देणार कोण? चला, आपण दोघे जाऊन विचारू,” एवढे जरी त्या रविवारी आमच्या तोंडून निघाले असते, तर एका घराची जमीन दुसऱ्यांदा गेली नसती.

विचारासाठी प्रश्न

१. आपली ठेव ज्या संस्थेत आहे ती बँक आहे की पतसंस्था? हे आपण कोणत्या कागदावरून सांगू शकाल?
२. दरमहा ५ टक्के परतावा म्हणजे रक्कम किती महिन्यांत दुप्पट? असा लाभ देणारा कोणता प्रामाणिक धंदा आपणांस ठाऊक आहे?
३. आपल्या घरातील सर्व ठेवींची यादी आपल्या पत्नीस अथवा पतीस ठाऊक आहे काय? नसल्यास आज सायंकाळी ती लिहून काढाल काय?