मिठाचा तांडा

राजुऱ्यापासून समुद्र फार दूर आहे. सागवानाच्या रानांच्या आणि कापसाच्या शेतांच्या या मुलखात लाटांचा आवाज कधी ऐकू येत नाही. तरीही येथील प्रत्येक घरच्या अन्नात समुद्राचा एक अंश रोज पडतो. तो म्हणजे मीठ. आज ते आगगाडीने व ट्रकने येते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. परंतु आगगाडी नव्हती, पक्के रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते, त्या काळी ते इतक्या दूर कोण आणीत असे?

हे काम बंजारा लोक करीत. त्यांना लमाण असेही म्हणतात. हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असे सांगतात. बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव पोहोचविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. बायकामुले, म्हातारी माणसे, कुत्री, भांडीकुंडी, सारे बरोबर असे. या चालत्या गावाला तांडा म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला नायक. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला 1632 साली उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते!

राजुऱ्याजवळून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला जाते. ज्या खोऱ्यातून पाणी समुद्राकडे उतरे, त्याच खोऱ्यातून मीठ वर चढून येई. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा, यानम, काकीनाडा अशी लहानमोठी बंदरे होती. पश्चिमेकडे पनवेल, पेण, महाड, चिपळूण या गावांकडूनही बैलांचे तांडे सह्याद्रीचे घाट चढून देशावर येत.

पावसाळा सरला, वाटा सुकल्या, की तांडा निघे. आतल्या मुलखातील धान्य व कापूस घेऊन तो किनाऱ्याला उतरे. तेथे मिठागरे पसरलेली असत. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घेतले जाई. ऊन आणि वारा ते आटवीत. तळाशी शुभ्र खडे उरत. ते मीठ गोण्यांत भरले जाई. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखे वजन बसे, म्हणून गोणी तोलाने राही. मग परतीची वाट सुरू होई.

तांड्याच्या पुढे एक मानाचा बैल चाले. त्याच्या पाठीवर कधीही ओझे लादीत नसत. गळ्यात घंटा आणि कवड्यांच्या माळा, अंगावर तांबडे रेशमी गोंडे, अशा थाटात तो वाट दाखवी. तो थकून जेथे बसे, तेथेच त्या दिवशीचा मुक्काम पडे. मुक्या जनावराची शक्ती संपली, की माणसांनीही थांबावे, असाच जणू हा नियम होता.

मुक्कामावर गोण्या उतरवून त्यांची भिंत रचीत. बैल रानात चरून आले, की ते जवळ बांधले जात. कुत्री राखणीला बसत. चुली पेटत, आणि बंजारा बोलीतील गाणी काळोखात उमटत. वाघ, चोर, ताप, पूर, ही संकटे वाटेवर होतीच. पण मिठाच्या तांड्याला सर्वांत मोठी भीती अवकाळी पावसाची. गोणी भिजली, की मीठ विरघळून जाई आणि महिन्यांचे कष्ट मातीत मिसळत.

तांडा दिवसाला दहा-अकरा किलोमीटर चाले. काकीनाड्यापासून राजुऱ्यापर्यंतची वाट पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे नुसते एका बाजूचे चालणेच सुमारे पन्नास दिवसांचे! चिमूटभर मिठामागे एवढी पायपीट असे.

राजे आणि सेनापती आपसांत लढत. पण धान्य व मीठ साऱ्यांनाच हवे असे. म्हणून बंजाऱ्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. जे शस्त्राला साधत नाही, ते उपयोगी पडण्याने साधते.

पुढे काळ बदलला. 1853 साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि 1867 साली ती नागपूरला पोहोचली. बैल महिन्यात जी वाट चाले, ती गाडी एका-दोन दिवसांत तोडू लागली. तांडे बसले. व्यवसाय गेला, पण दुःख तेवढ्यावर थांबले नाही. 1871 साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. फिरत्या लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि बंजारा समाजालाही त्याची झळ लागली. ज्यांच्या पाठबळावर गावांनी अन्न गोड केले, तेच गावाच्या वेशीवर परके झाले. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी हा अन्याय्य कायदा रद्द केला.

बंजारा लोक आता स्थिर वस्ती करून राहतात. पण त्या वस्तीलाही ते तांडाच म्हणतात. पुसदजवळच्या गहुली येथे अशाच समाजात 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्यांतील मुले आज शाळेत शिकत आहेत.

मराठीत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असा वाक्प्रचार आहे. ज्याचे मीठ खाल्ले, त्याचे उपकार विसरू नयेत, हा त्याचा अर्थ. आपल्या पूर्वजांनी ज्यांनी वाहून आणलेले मीठ खाल्ले, त्यांना आपण जागलो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर दूर जावे लागणार नाही. वर्गात शेजारी बसलेल्या तांड्यावरच्या मुलाशी स्नेह जोडला, तरी त्याचा आरंभ होईल.

स्वाध्याय

1. तांड्याचा मुक्काम कोठे पडे? त्यावरून बंजाऱ्यांचा कोणता गुण दिसतो?
2. मिठाच्या तांड्याला पावसाची भीती का वाटे?
3. ‘तेच गावाच्या वेशीवर परके झाले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.
5. नकाशात वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या काठाने राजुऱ्यापासून समुद्रापर्यंतची वाट रेखाटा.