तांब्याचें कोंदण

तांबें हा धातु हंडे-कळशांच्या रूपानें सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचाच एक किरणोत्सर्गी प्रकार आज रोग्याच्या शरीराचें अंतरंग पाहण्याच्या कामीं वैद्यांस उपयोगी पडतो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या प्रकारास तांबें-६४ म्हणतात. सायक्लोट्रॉन यंत्रांत निकल-६४ वर प्रोटॉनांचा मारा करून तें तयार करितात. त्याचें अर्धायुष्य सुमारें १२.७ तास आहे. म्हणजे तितक्या वेळांत त्याचे निम्मे अणू पालटून जातात. त्यांतील कांहीं अणू पॉझिट्रॉन बाहेर टाकितात. पॉझिट्रॉनाची इलेक्ट्रॉनाशीं गांठ पडतांच दोहोंचा लय होऊन दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांस निघतात, व ते टिपून यंत्र चित्र सिद्ध करितें.

आतां प्रश्न असा कीं, हें तांबें रोगाच्या ठिकाणीं न्यावें कसें? अर्बुदाच्या पेशींस चिकटणारा एखादा रेणु वाहक म्हणून घेतात, व तांबें धरून ठेवणारें दुसरें संयुग त्यास जोडतात. ह्या संयुगास चिलेटर म्हणतात. खेकड्याच्या नांगीस जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें. रत्नास जसें कोंदण, तसें तांब्यास हें संयुग. सृष्टींतही ही युक्ति आढळते: रक्तांतील लोह व पानांच्या हरितद्रव्यांतील मॅग्नेशियम हीं अशाच कड्याच्या आकाराच्या रेणूंत बसविलेलीं असतात.

कोंदण ढिलें असल्यास मात्र अनर्थ होतो. निसटलेलें तांबें बहुतांशीं यकृतांत जाऊन तेथील प्रथिनांस चिकटतें, आणि निरोगी यकृतही चित्रांत उजळतें. अनेक अर्बुदें यकृतांतच पसरत असल्यानें, जेथें रोग शोधावयाचा तेथेंच वैद्याची दृष्टि अंधुक होते.

डोटा ह्या प्रसिद्ध चिलेटरांत १२ अणूंचें कडें व त्यांत ४ नायट्रोजन असतात. परंतु शरीरांत त्याची तांब्यावरील पकड पुरेशी टिकत नाहीं. तेव्हां न्यू हॅम्पशायर विद्यापीठांतील वाइसमन व वाँग ह्यांनीं १४ अणूंच्या कड्यांत आडवा पूल घातला. पकड घट्ट झाली. पण अशा संयुगांपैकीं एका प्रमुख संयुगांत तांबें बसविण्यास सुमारें ९५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागूं लागली, व ती नाजूक प्रथिनांस सोसवत नाहीं. ऑस्ट्रेलियांत सार्जसन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७७ सालीं कोबाल्टाभोंवतीं पिंजऱ्यासारखा रेणु रचिला होता. त्याच कुळांतील सार्कोफॅजिन नामक पिंजरे तांब्यास साध्या उष्णतामानांत आंत घेतात व घट्ट धरून ठेवितात.

तरीही डोटा टाकाऊ ठरलें नाहीं. त्यावर आधारलेलें तांबें-६४ डोटाटेट हें औषध अमेरिकेंत २०२० सालीं मान्य झालें. त्याचें चित्र सूचि दिल्यापासून ४५ ते ९० मिनिटांत घेतात. तेवढा वेळ ही पकड पुरते. परंतु वाहक प्रतिपिंड असेल, तर अर्बुदापाशीं तें पुरेसें सांचण्यास एक-दोन दिवसही लागतात. तेथें अधिक दृढ कोंदणच हवें.

यावरून दिसेल कीं, चिलेटर केवळ बळकट असून भागत नाहीं. धातु त्यांत सहज शिरावा, वाहकास इजा होऊं नये, आणि चित्र पुरें होईपर्यंत धातु सुटूं नये, ह्या तिन्ही अटी एकदम पाळणें हेंच रसायनशास्त्रज्ञाचें खरें कौशल्य होय.