शुगर नॉर्मल होती, सोडियम कुणी बघितलंच नाही

माझ्या नवऱ्याला मधुमेह नाही. कधीच नव्हता. हे वाक्य मी गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझा घसा बसला. ह्यांना आहे तो डायबेटिस इन्सिपिडस. तहान जास्त, लघवी जास्त आणि नावात ‘डायबेटिस’, एवढंच दोन्ही आजारांत सारखं. कारण वेगळं, तपासणी वेगळी, औषध वेगळं. एकाला दुसरा समजून उपचार केले तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. आमच्यावर ती वेळ येता येता टळली, म्हणून हे लिहिते आहे. अजून राग गेलेला नाही, तेही सांगून टाकते.

पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना हा त्रास आहे. सकाळ-संध्याकाळ डेस्मोप्रेसिनची गोळी घेतली की माणूस ठणठणीत. शाळेत शिकवतात, मोटारसायकल चालवतात, लग्नात बसून जिलबी खातात. गोळीचा असर उतरला की मात्र सारखं बाथरूम आणि सारखं पाणी, तेही गारच हवं.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मधुमेहात रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. इन्सिपिडसमध्ये साखरेचा काही संबंध नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तयार होतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठतं. मूत्रपिंडाला ‘पाणी राखून ठेव’ हा निरोप तेच देतं. निरोपच गेला नाही तर मूत्रपिंड पाणी सोडत राहतं. मोठ्या माणसाला दिवसाला दीड-दोन लिटर लघवी होते. ह्या आजारात ती तीन लिटरच्या वर जाते, काहींना दहा-पंधरा लिटरही होते, आणि दिसायला अगदी नळाच्या पाण्यासारखी. पाणी गेलं की रक्तातलं सोडियम चढतं. साखर जिथल्या तिथे असते. म्हणून बोटाला सुई टोचून ह्या आजाराचं काहीही कळत नाही.

गेल्या वर्षीचं ऑपरेशन साधं होतं, हर्नियाचं. आदल्या संध्याकाळी दाखल झालो तेव्हा फॉर्मवर मी स्वतः पूर्ण लिहिलं : ‘डायबेटिस इन्सिपिडस, साखरेचा आजार नाही, डेस्मोप्रेसिन चालू.’ त्या कागदाचा फोटोही काढून ठेवला. घरची औषधं नियमाप्रमाणे सिस्टरांकडे जमा झाली. सकाळी गोळी मागितली तर सिस्टर म्हणाल्या, “काकू, डायबेटिसची गोळी ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. उपाशी पोटी शुगर खाली जाते.” मी म्हटलं, “अहो, ही शुगरची गोळी नाही.” त्यांनी राउंडवरच्या तरुण डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फाइल चाळली आणि हसून म्हणाले, “मॅडम, शुगर 104 आहे, एकदम कंट्रोलमध्ये. काळजी कशाला करता?”

शुगर नॉर्मलच असणार होती! तेच तर मी सांगत होते.

ऑपरेशनची वेळ पुढे पुढे गेली. तोंडात पाण्याचा थेंब नाही, गोळी नाही. डेक्स्ट्रोज लावायचं का, असं एका सिस्टरने विचारलं, तर उत्तर आलं, “डायबेटिक पेशंट आहे, नॉर्मल सलाइनच ठेवा.” ज्याच्या शरीरातून नुसतं पाणी निघून जात होतं, त्याला मीठ-पाणी मिळत राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी ह्यांची जीभ टाळूला चिकटत होती, शब्द फुटत नव्हता. पाणी मागितलं की सिस्टर ओला गॉज ओठांवर फिरवायच्या. मग ह्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. “भुलीचा असर आहे, उतरेल,” असं मला सांगितलं गेलं. पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं म्हणाले ते वॉर्डातले मामा. युरोबॅग घेऊन उभे होते. “ताई, आत्ताच रिकामी केली होती, परत भरली. आणि हे बघा, रंगच नाही.” किती वेळा रिकामी केली ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी पलंगाच्या पायथ्याची फाइल उचलली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘नोन केस ऑफ डी.एम.’ डी.एम. म्हणजे डायबेटिस मेलिटस. माझ्या ‘इन्सिपिडस’चं कुणीतरी उतरवताना ‘मेलिटस’ करून टाकलं होतं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने फाइल वाचली, समोरच्या बाईचं कुणी ऐकलं नाही. शुगरची चार्ट दर काही तासांनी न चुकता भरलेली. सोडियमचा एकही आकडा नाही. त्या क्षणी माझे हात कापायला लागले, भीतीने नाही, संतापाने.

आमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “सोडियम किती आहे?” तपासलंच नाही म्हटल्यावर त्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोनवर घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आला : 158. नॉर्मल 135 ते 145. मग धावपळ झाली. आयसीयू, डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन, आणि सोडियम हळूहळू उतरवणं. चढलेलं सोडियम घाईने खाली आणलं तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून तिथेही थांबत थांबतच जावं लागतं.

हे बरे झाले. पण त्यानंतरचं वागणं मी विसरणार नाही. “पेशंटनेच हिस्ट्रीत डायबेटिस सांगितलं होतं,” असं मला तोंडावर ऐकवलं. मी फोटो दाखवला, तेव्हा “असं होतं कधी कधी.” माफी नाही. डिस्चार्ज कार्डवर परत तेच : ‘डायबेटिक डाएट, गोड टाळा.’ कार्ड बदलून मिळेपर्यंत मी बिलिंगच्या काउंटरवरून हलले नाही.

हा एकट्या आमचा अनुभव नाही. 2009 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात हाच आजार असलेला 22 वर्षांचा तरुण ऑपरेशननंतर औषध आणि पाणी न मिळाल्याने गेला. पाण्यासाठी त्याने पलंगावरून पोलिसांना फोन केला होता. अशाच प्रकारांमुळे 2022 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ‘डायबेटिस’ शब्दच काढून नवं नाव सुचवलं : संप्रेरक कमी पडत असेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’, संप्रेरक आहे पण मूत्रपिंड दाद देत नसेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्यासाठी :

दाखल होताना नवं नाव सांगा आणि लिहा. ‘डायबेटिस’ शब्द आला की समोरच्याचे कान तिथेच बंद होतात. पाकिटात कार्ड ठेवा : आजाराचं पूर्ण नाव, ‘साखरेचा आजार नाही’, औषध व डोस, ‘हे औषध थांबवू नये’, आणि तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचा नंबर.

ठरवून ऑपरेशन असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून आधीच चिठ्ठी घ्या : उपाशी असताना डेस्मोप्रेसिन कसं द्यायचं, सलाइन कोणतं, सोडियम किती तासांनी बघायचं. ती भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, फाइलमध्ये नुसती लावू नका. यादीत पहिला नंबर मागा. किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली ते तुम्हीही वहीत लिहा. चिडचिड, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं की शुगर नको, सोडियम तपासा म्हणून हट्ट धरा. उद्धट म्हणाले तर म्हणू द्या.

औषध सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, संपायच्या आत पुढची पट्टी आणा. नाकातला स्प्रे असेल तर सर्दीत तो नीट शोषला जात नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा : गोळी घेऊन सवयीने तांब्याच्या तांब्या पाणी पीत राहिलं तर सोडियम घसरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका.

ज्यांना नुकतीच अशी तहान लागू लागली आहे त्यांनी आधी साखर तपासावी, कारण बहुतेकांना मधुमेहच निघतो. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त आलं तर वाट तीच. साखर नॉर्मल आली म्हणून मात्र घरी जाऊ नका. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी आणि रक्तातलं सोडियम बघायला सांगा. डोक्याला मार, मेंदूचं ऑपरेशन, किंवा लिथियमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा. लिथियममुळे मूत्रपिंड संप्रेरकाला दाद देईनासं होतं, आणि तिथे डेस्मोप्रेसिनचा फारसा उपयोग होत नाही. पाणी बंद ठेवून करायची चाचणी रुग्णालयात देखरेखीखालीच करतात. ‘बघू किती वेळ राहतो’ असले प्रयोग घरी करू नका.

बाकी नेहमीचंच : कागद जपा, फोटो काढा, घरातल्या दोघांना तरी सगळं माहीत असू द्या.

आणि डॉक्टरांना, सिस्टरांना एकच सांगणं. दोन अक्षरांत आजार लिहू नका, पूर्ण लिहा. त्या आजाराबरोबर वर्षानुवर्षं राहणारी माणसं समोर उभी असतात, त्यांना विचारा. आमच्या वेळी फाइलवर विश्वास ठेवला आणि माणसावर नाही, म्हणून एका साध्या ऑपरेशनचं आयसीयू झालं.